छत्तिसावी नळी

माझ्या मामांची बोटं बघून नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ दिवसाला चार पाकिटं सिगारेटी ओढत असणार. नखं तपकिरी, पेरं तपकिरी, उजव्या अंगठ्यावर तर कायमचा डाग. लग्न ठरत होतं तेव्हा मामीच्या वडिलांनी हीच शंका बोलून दाखवली होती. मामांनी तिथल्या तिथे लिंबू मागवलं, बोटं घासून साफ करून दाखवली आणि म्हणाले, औषधाचे डाग आहेत, लिंबाने जातात, पण उद्या परत येतील. मामी सांगायची की तिला हा माणूस त्या शेवटच्या वाक्यासाठी पसंत पडला. नसतं सांगितलं तरी चाललं असतं असं खरं सांगायची त्यांना खोडच होती. त्या खोडीपायी पुढे आमच्या घरात दीड वर्ष जे काही झालं, ते मी जवळून पाहिलं आहे.

औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. हे नाव फक्त बाटलीवरच्या चिठ्ठीवर असायचं. बाकी सगळे त्याला लाल औषध म्हणायचे, खरं तर ते जांभळं असूनही. कोरडे खडे काळपट चमकतात, पण चिमूटभर पाण्यात टाकले की जांभळ्या रेघा सोडत तळाला जातात. मामा ज्या दवाखान्यात कंपाउंडर होते तो म्हणजे दोन खोल्या, एक लांब बाक आणि मधल्या भिंतीत औषध द्यायची खिडकी. डॉक्टर दर दोन वर्षांनी बदलायचे, मामा मात्र खिडकीला चिकटलेले. महागडी औषधं त्या दवाखान्याच्या वाट्याला येत नसत, त्यामुळे सगळी भिस्त लाल औषधावर. जखम धुवायची, लाल औषध. घसा धरला, फिकट करून गुळण्या. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, घमेल्यात पाय बुडवून बसा. कुणी अफू खाल्ली तर नळी घालून त्याच पाण्याने पोट धुवायचं, आणि बाहेर येणारं पाणी गुलाबीच्या गुलाबी दिसेपर्यंत थांबायचं नाही. कॉलऱ्याच्या साथीत मामा विहिरीत बादली बादली औषध सोडायचे. रंग पाच मिनिटांत उडाला तर वाकून बघत म्हणायचे, घाण फार आहे, औषध घाणीतच खर्ची पडलं, आणखी आणा.

मामा नोकरीला लागून वर्ष झालं असेल नसेल, तेव्हा वरच्या कचेरीतून एक पेटी आली. तिच्यात छत्तीस लाकडी नळ्या होत्या, बोटाएवढ्या. एका टोकाला टोपणाखाली छोटं पातं, दुसरं टोक पोकळ, त्यात लाल औषधाचे खडे. साप चावला की वर दोरी आवळायची, चावल्या जागी पात्याने चिरायचं आणि खडे ओले करून जखमेत चोळायचे. सोबत छापील पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की काचेच्या भांड्यात सापाच्या विषात हे औषध मिसळलं तर विष निकामी होतं. तेवढं खरंच होतं. मामांनी एक नळी दवाखान्यात ठेवली आणि पस्तीस स्वतः फिरून वाटल्या. लाकडाची वखार, शाळा, टपाल कचेरी, वीटभट्टी, शिवाराच्या कडेची एकटी घरं, कुठलंही सोडलं नाही. प्रत्येक ठिकाणी भोपळ्यावर पातं चालवून चिरायचं कसं ते करून दाखवलं. सापाची नळी म्हणजे कंपाउंडर, हे तेव्हापासून ठरूनच गेलं.

ती नळी त्यांनी माणसावर पहिल्यांदा वापरली, ते माणूस म्हणजे माझी आई. आई त्यांची धाकटी बहीण, तेव्हा वीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. सरपण काढताना तिच्या उजव्या हाताला साप चावला. मामा दवाखान्यातून पळत आले, मनगटावर दोरी आवळली, तळहात दोन ठिकाणी खोल चिरला, नळीतले सगळे खडे आत चोळले आणि दहा मिनिटं तिची मूठ दाबून धरली. आई जगली. जखम मात्र काळी पडली, मांस झडलं, भरून यायला पाच महिने लागले, आणि मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी अशी तीन बोटं कायमची तळहातावर वाकली. आई डाव्या हाताने लिहायला, विंचरायला, शिवणयंत्राखाली कापड सरकवायला शिकली. वीटभट्टीच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरने, म्हणजे माझ्या बाबांनी, हात बघूनच तिच्याशी लग्न केलं. आमच्या घरात नवीन माणूस आलं की आई तो हात पुढे करायची आणि म्हणायची, बोटं गेली, जीव राहिला, दादाने राखला. बाबा त्या वेळी शांतपणे चहा संपवायचे, कारण पुढची हकीकत किती लांब आहे ते त्यांना पाठ होतं.

मामा पंचेचाळिशी ओलांडून गेल्यावर दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. आई खोकल्याच्या औषधाला गेली होती. बाईंनी नाडी बघायला हात घेतला आणि तो उलटसुलट करून बघतच राहिल्या. खिडकीतून मामांनी अभिमानाने सगळी हकीकत ऐकवली. आई गेल्यावर बाईंनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, तेव्हा तिला उलट्या झाल्या होत्या का, पापण्या जड झाल्या होत्या का, हिरड्यांतून रक्त आलं होतं का. मामा म्हणाले, काहीसुद्धा नाही, इतकं लवकर औषध लागलं. बाई म्हणाल्या, मग विष अंगात गेलंच नव्हतं, सगळे साप विषारी नसतात आणि विषारी सापही कधी कधी नुसताच चावतो. मामांनी ड्रॉवरमधून ते जुनं पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"काचेच्या भांड्यात हे बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "कंपाउंडर, विहिरीत टाकलेला रंग पाच मिनिटांत का उडतो?"

"घाण असली की औषध तिच्यावरच खर्च होतं."

"आणि हातात काय असतं?"

बाईंनी मग आवाज न चढवता सांगितलं की विष तोवर अंगात पुढे निघून गेलेलं असतं, औषध मात्र समोर येईल ते मांस जाळत बसतं. मोठ्या इस्पितळात आता विषावरचं इंजेक्शन आहे. तिथे लवकरात लवकर पोचणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि चिरण्या-चोळण्यात नेमका तोच वेळ जातो. तुमच्या बहिणीचा हात सापाने घालवलेला नाही, असंही त्या म्हणाल्या.

मामा सरळ खाटकाकडे गेले. मांसाचे आठ तुकडे आणले, मामीचे आठ पेले ओळीने मांडले, त्यांत जांभळं पाणी केलं आणि एकेकात एक तुकडा सोडला. मी त्या दिवशी तिथेच होते. तासाभरात रंग गढुळला, जांभळ्याचा तपकिरी झाला, आणि तुकडे वरून जुन्या चामड्यासारखे दिसायला लागले. मामी पेल्यांच्या नावाने शंख करत होती. मामांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आजवर पाच माणसांना चिरलं होतं. त्यांतली दोन गेली होती, आणि दुसरा माणूस गेला तो चारच वर्षांपूर्वी, मोठ्या इस्पितळात इंजेक्शन असताना. मामा त्याच्याशेजारी बसून दोन तास खडे चोळत होते.

ते त्या पेल्यांसमोर किती वेळ बसले सांगता येत नाही. उठले ते ठरवूनच उठले. छत्तीसच्या छत्तीस नळ्या परत आणायच्या, शेंडी तुटो की पारंबी. मामी म्हणाली, गुपचूप राहा, लोक आपोआप विसरतील. मामा म्हणाले, लोक औषध विसरत नाहीत, उलट भिंतीला टांगून ठेवतात. मी दारोदार जाऊन सांगणार, माझं चुकलं. मामीने कपाळावर हात मारला. आपलं नाव आपणच बुडवायला निघालेला नवरा तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं तिने त्यांना दिवसभर ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. आम्ही वीटभट्टीला लागून असलेल्या चाळवजा खोल्यांत राहायचो. आई यंत्रावर होती, मी खाली बसून काजं करत होते. मामांनी तिला सगळं सांगितलं, पण कसं, तर पत्रक वाचून दाखवावं तसं. विष, मांस, विहीर, आठ पेले. आईचे पाय यंत्राच्या पायट्यावर चालूच होते. शेवटी मामा म्हणाले, नुसतं तोंडाने सांगून लोक ऐकायचे नाहीत, तू माझ्याबरोबर चल आणि हात दाखव. तेव्हा यंत्र थांबलं.

"कालची आलेली डॉक्टरीण," आई म्हणाली. "तिने हा हात पाच मिनिटं बघितला. मी पंचवीस वर्षं बघतेय."

"चिमे, खरं आहे ते."

"मी सगळ्यांना सांगत आले, दादाने जीव राखला. आता ते खोटं म्हणू?"

"हो."

"मग माझ्याजवळ राहिलं काय? नुसता वाकडा हात."

मामा टोपी घेऊन उठले आणि जाता जाता म्हणाले, मी पुढच्या आठवड्यात परत विचारीन. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. खरं सांगायचं तर आजही थोडा येतो. आईने त्यानंतर ती हकीकत सांगायचं सोडलं नाहीच, उलट दुप्पट जोराने सांगायला लागली. दूधवाल्यालाही सांगितली, आणि त्याने ती आधी चार वेळा ऐकलेली होती.

मामांनी सायकल काढली. दर रविवारी एक रस्ता धरायचे. वखारीच्या पहारेकऱ्याने नळी लगेच दिली, कारण तो त्या पात्याने पायाची नखं कापत होता आणि ते आता बोथट झालं होतं. शाळेच्या मास्तरांनी खडे पाण्यात विरघळवून त्याची शाई केली होती. सहामाहीचे गुण त्या शाईने लिहिले, वार्षिक परीक्षा येईपर्यंत आकड्यांचे नुसते तपकिरी डाग उरले आणि त्या डागांत सगळी पोरं पास झाली. एका म्हातारीने मात्र झगडा मांडला. ती त्या खड्यांनी पालेभाजी धूत होती. मामांनी तिला भाजीसाठी वेगळी पुडी बांधून दिली आणि नळी घेऊन आले. प्रत्येक दारात ते सायकल भिंतीला टेकवायचे, उभ्या उभ्याच म्हणायचे, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, माझं चुकलं, साप चावला तर चिरू नका, बांधू नका, पाय हलू देऊ नका आणि तडक इस्पितळ गाठा. काही घरांत त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. जो चार वर्षांपूर्वी गेला त्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि दार लावलं. मामा अर्धा तास त्या दारासमोर उभे होते. पुढच्या रविवारी परत गेले. तिसऱ्या रविवारी तिने नळी उंबऱ्यावर ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी वरच्या कचेरीला लिहिलं की या नळ्या सरकारनेच परत मागवाव्यात. चार महिन्यांनी उत्तर आलं की अशी कोणतीही पेटी पाठवल्याचं आढळत नाही. मामांनी ते उत्तर पत्रकाच्या पाठीला टाचून ठेवलं आणि रविवारी सायकल काढली. वर्ष सरता सरता दवाखान्यातली धरून पस्तीस नळ्या जमा झाल्या.

छत्तिसावी वीटभट्टीच्या मुकादमाकडे होती, आणि तीच सगळ्यांत वाईट जागी होती. भट्टीवर चाळीस कुटुंबं राहायची. विटांच्या चळतींत ऊब असते, फटी असतात, त्यामुळे साप नेहमीचे. कुणाला काही चावलं की तो आधी मुकादमाच्या दाराशी धावायचा, इस्पितळाकडे नाही. खुद्द मुकादमाला दहा वर्षांपूर्वी पोटरीला साप चावला होता आणि मामांनी चिरून खडे चोळले होते. तो जगला. तेव्हापासून नळी त्याच्या खाटेवरच्या खिळ्याला लटकलेली असायची आणि तिच्यात खडे भरलेले असायचे.

मामा पहिल्यांदा गेले तेव्हा मुकादम उठून उभा राहिला. मामांनी सांगितलं, मी तुम्हाला वाचवलं नाही, तुमच्या अंगात विष गेलंच नव्हतं. मुकादमाचे डोळे भरून आले. तो जमलेल्या माणसांना म्हणाला, बघा, जीव वाचवून वर म्हणतात मी काही केलं नाही, याला म्हणतात मोठा माणूस. मामांनी जितकी जास्त कबुली द्यावी तितके ते त्याच्या नजरेत उंच व्हायला लागले. नळी देण्याचा प्रश्नच नव्हता, आता तर ती मोठ्या माणसाच्या हातची होती.

मामांनी मग पेले भट्टीवर नेले. सगळ्यांसमोर जांभळं पाणी केलं, मांस टाकलं, तासभर सगळ्यांना बसवून ठेवलं. रंग गेला, तुकडा काळवंडला. मामा म्हणाले, पाहिलंत, औषध इथेच संपलं. मुकादम पुढे झाला, तुकडा बोटाने दाबून बघितला आणि म्हणाला, केवढं जहाल औषध आहे, मांसाची ही गत करतं तिथे विषाची काय कथा. माणसं माना डोलवत कामाला गेली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. मी पेले उचलून आमच्या घरी धुवायला आणले आणि मामा पायरीवर बसून राहिले. आई आतून म्हणाली, आता तरी पुरे कर. मामा म्हणाले, तू चल, तू दाखवलास तर ऐकतील. आईने यंत्र परत चालू केलं.

असे सहा महिने गेले. दर रविवारी दुपारी मामा भट्टीवर यायचे, मुकादमाकडे नळी मागायचे, मुकादम आदराने नाही म्हणायचा, मग आमच्याकडे येऊन आईला विचारायचे, आई नाही म्हणायची, मग चहा पिऊन जायचे. बाबा एकदा मला म्हणाले, तुझे मामा आणि आमचा ट्रक सारखेच, चढावर कुरकुरतील पण मागे सरकायचे नाहीत.

असाच एक रविवार होता. मामा मुकादमाशी बोलत उभे होते. मुकादमाची धाकटी लेक, सोळा-सतरा वर्षांची, कच्च्या विटांवरची ओली पोती काढत होती. तिने पोतं उचललं आणि ओरडून खाली बसली. मामा आणि मुकादम दोघांनीही साप पाहिला, आखूड आणि जाड, चळतीत शिरला. आम्ही आरडाओरडा ऐकून धावलो. पोरीच्या घोट्यावर दोन ठिपके होते आणि त्यांतून येणारं रक्त थांबत नव्हतं. ती ओठ आवळून बसली होती आणि सारखी बापाकडे बघत होती.

मुकादम घरात जाऊन नळी घेऊन आला. घाईत टोपण निघेना. मामा आडवे आले. म्हणाले, चिरू नका, गाडीत घाला, ट्रक समोर उभा आहे. आजवर त्यांना बघून उठून उभा राहणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, "कंपाउंडर, बाजूला व्हा. माझी पोर आहे." त्याने नुसतं बघितलं आणि दोन मजुरांनी मामांचे दंड धरले. आदरानेच धरले, पण घट्ट. टोपण निघालं. पातं दहा वर्षांत त्याने इतकं जपलं होतं की ते नव्यासारखं होतं.

आई माझ्या पुढे होती. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच होती. ती माणसांतून वाट काढत गेली, पोरीसमोर मातीत बसली आणि तिने आपला उजवा हात त्या घोट्यावर ठेवला. बोटं उघडत नव्हती, म्हणून मुठीचा मागचा भागच दाबून धरला.

"ताई, हात काढा. वेळ जातोय," मुकादम म्हणाला.

"वेळ जातोय म्हणूनच ठेवलाय." आई माझ्या ओळखीच्या आवाजात बोलत नव्हती. "हा हात सापाने नाही घालवला. माझ्या भावाने घालवला, अशाच नळीने. मला विष चढलंच नव्हतं. तरी त्याने चिरला, तरी खडे चोळले. मी पंचवीस वर्षं सगळ्यांना खोटं सांगत आले. तुम्हाला चिरायचंच असेल तर आधी हा चिरा, याचं आता काय जायचंय?"

मजुरांनी मामांचे दंड सोडले, तरी ते होते तिथेच उभे. मुकादम आईच्या हाताकडे बघत होता. तो हात त्याने शेकडो वेळा पाहिला होता, पण प्रत्येक वेळी त्याला त्यात वाचलेला जीवच दिसला होता. पात्याचा हात खाली आला. तोवर बाबांनी कुणाला न विचारता ट्रक वळवून आणला होता, आणि मागे विटा उतरवण्याच्या भानगडीत न पडता पुढची सीट मोकळी केली होती.

मग मामा हलले. विटांच्या साच्याची लांब फळी घेतली, पोरीचा पाय तिच्यावर सरळ ठेवून सैल पट्टी गुंडाळली आणि तिला चालू न देता उचलून गाडीत घेतलं. वाटेत तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ती घाबरली तेव्हा मामा तिला म्हणाले, घाबर हवं तर, पण पाय हलवू नकोस. पाऊण तासात इस्पितळ आलं. तिथल्या डॉक्टरांनी एकामागून एक इंजेक्शनं दिली आणि मुकादमाला सांगितलं की आणखी दोन तास गेले असते तर आम्ही काही करू शकलो नसतो. मुकादम जिन्यावर बसला आणि मोठ्याने रडला.

सहाव्या दिवशी पोरगी आपल्या पायांनी घरी आली. दुसऱ्या सकाळी मुकादम दवाखान्याच्या खिडकीशी आला आणि नळी आत सरकवली. जाईना. शेवटी म्हणाला, मग मला कुणी वाचवलं होतं? मामा म्हणाले, कुणी नाही, तुम्हाला काही झालंच नव्हतं. मुकादम म्हणाला, म्हणजे दहा वर्षं मी तुम्हाला बघून उगाच उठत होतो. मामा हो म्हणाले. तो गेला, पण दारात वळून त्याने एकदा मान लववली, ती कशासाठी ते त्याचं त्याला ठाऊक.

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आले. मला वाटलं, छत्तीस झाल्या म्हणून खुशीत असतील. ते यंत्रासमोरच्या स्टुलावर टोपी गुडघ्यावर ठेवून आईच्या हाताकडे बघत बसले. दीड वर्ष ज्या वाक्यासाठी त्यांनी आईचा पिच्छा पुरवला होता, ते वाक्य आईने चाळीस कुटुंबांसमोर उच्चारलं होतं, आणि ते त्यांना लागलं होतं. मला मनात म्हणावंसं वाटलं, लागू दे. कारण मला आता कळलं होतं की माझा राग कशाचा होता. पहारेकऱ्यापासून मास्तरांपर्यंत, पालेभाजीवाल्या म्हातारीलासुद्धा त्यांनी दारात उभं राहून म्हटलं होतं, माझं चुकलं. आईला मात्र फक्त माहिती दिली होती, आणि पुरावा म्हणून तिचा हात मागितला होता.

आई डाव्या हाताने सुईत दोरा घालत होती. बाबा खाटेवर चहा घेत होते.

"चिमे," मामा म्हणाले, "माझं चुकलं."

त्यांना विष, मांस, विहीर यातलं काही आठवलं नाही. आईने सुई खाली ठेवली. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे रे दादा, झालं ते झालं. आमच्या आईला तसं म्हणायची सवय होती. पण ती म्हणाली, "दादा, हात दुखतो रे. रोज दुखतो. थंडीत तर झोपच लागत नाही."

मी जन्मल्यापासून हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाबांनीही ऐकलं नव्हतं, त्यांनी कप खाली ठेवला. ज्याने जीव राखला त्याच्यापाशी हाताची तक्रार कशी करायची, म्हणून ती पंचवीस वर्षं गप्प होती.

मामांनी स्टूल पुढे ओढलं, तिचा हात आपल्या दोन्ही तपकिरी हातांत घेतला आणि वाकलेली बोटं एकेक करून हळूहळू चोळायला लागले. आई त्यांना सांगत गेली, इथे नाही, जरा खाली, हो, इथे.